समोरची कड

"म्हणजे टाकसाळीचीच चूक ना, चाचा? एवढं हो म्हणा, की विषय संपला."

हेरंब ठोसरनं तांब्याचा पाव आणा इनायतचाचांपुढे ठेवला. उंदरानं पापड कुरतडावा तसा नाण्याच्या कडेचा अर्धगोल घास गेलेला होता.

मिरजेत चाचांचं घर म्हणजे जुन्या नाण्यांचं शेवटचं कोर्ट. तिथं ठरलं की पुढे अपील नाही. नाणं टाकसाळीतूनच तसं निघालेलं असेल, तर संग्राहक डोक्यावर घेऊन नाचणार. मागून कुणी बिघडवलेलं असेल, तर निव्वळ भंगार.

हेरंबाला मात्र नाण्याची फारशी पडलेली नव्हती. सगळं अडलं होतं त्याच्या जिभेपाशी. सांगलीच्या प्रदर्शनात दौलत पखाली, चाचांचाच दुसरा शिष्य, त्याच्याहून धाकटा, हळूच म्हणाला होता, "दादा, हे मागून कापल्यासारखं वाटतंय."

झालं! "काल आलास आणि मला शिकवतोस? आंधळा आहेस काय?" चारचौघांत हेरंबानं त्याची अशी सालटी काढली, की दौलतनं चाचांकडे येणंच सोडलं. एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. माणूस गुणी, पण मानी.

आणि चाचांची नजर आता थकलेली. त्यांच्यामागं हे काम दोघांनी मिळून चालवायचं, असं ठरलेलं. दौलतशिवाय ते एकट्याला झेपणार नाही, हे हेरंबाला पक्कं ठाऊक होतं. पण चूक टाकसाळीचीच निघाली, तर निदान मान तरी खाली घालावी लागणार नव्हती.

चाचांनी नाणं उचललं. तुटका भाग अंगठ्याखाली झाकला.

"आता बघ."

"अहो, बघायचं तेच झाकलंत की!"

"झाकलं. आता बघ."

"काय बघू?"

"समोरची कड."

हेरंबानं भिंग डोळ्याला लावलं...

"कशी आहे?"

"चांगली आहे. उठावदार. कुठं दबलेली नाही..." बोलता बोलताच त्याचा आवाज उतरला.

"ठसा पडायच्या आधीच चकतीचा घास गेलेला असला," चाचा म्हणाले, "तर दाब समोर नीट पोचत नाही. समोरची कडसुद्धा फिकी निघते. जन्माची खोड दुसऱ्या बाजूलाही कळते, बेटा. कात्री मागून चालली असली, तर दुसरी बाजू ठणठणीत."

हेरंबाचं तोंड एवढंसं झालं. लाज वाटली त्याला, अगदी मनापासून वाटली.

"म्हणजे दौलत बरोबर होता."

"हं..."

"आधीच तुमच्याकडे यायला हवं होतं मी."

आतून चहा आला. तो तसाच निवला.

हेरंब उठला, पुन्हा बसला.

"जातो मी त्याच्याकडे. पाय धरायला लागले तरी धरतो. ऐकेल ना तो?"

"सांगणार काय त्याला?"

"खरं तेच. म्हणेन, बाबा रे, हा राग माझा जन्माचा आहे. आईच्या पोटातून घेऊन आलोय. माझ्या बायकोला विचार, दुकानातल्या नोकरांना विचार. एकालाही सोडलं नाही मी! तोंडाला लगाम नाही, पण मनात काही नसतं. उपजतच तसा, त्याला कोण काय करणार, चाचा?"

चाचांनी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"इतकी वर्षं इथं येतोस," ते म्हणाले. "माझ्यावर कधी ओरडला नाहीस."