सगुणेच्या मांडीवरचा वाटा

वावळी बेटावर लाँचमधून उतरलेले पाहुणे दोन गोष्टी हटकून विचारतात. इथे माणसं किती राहतात, आणि तुमचं चालतं कशावर? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. रापणीची मासळी, माडाचे नारळ, बायका वळतात ते काथ्याचं सुंभ, आणि मुंबई-गोव्याला गेलेली पोरं सणाला घेऊन येतील ते. पहिल्याचं उत्तर मात्र आमच्याकडे कुणी देत नाही. "रापण ओढूक पुरतीत इतकी आसत," असं म्हणून हसून सोडून देतात.

मग पाहुणे पुळणीवर जातात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात वळसा घालून टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर धरून अख्खं गाव मागे मागे चालत ते ओढतं. मासळी वाळूत आली की गावकार, म्हणजे गावचा मुख्य माणूस, एकेकाचं नाव घेतो. ज्याचं नाव त्याने "ओ" द्यायची, तेव्हा वाटा पडतो. तान्ह्या पोराचाही वाटा असतो. ते ओ देणार कसं? तर आईने त्याच्या तोंडावरचं फडकं काढायचं आणि तळपायाला टिचकी मारून त्याला सगळ्यांसमोर रडवायचं.

हे बघून पाहुण्यांना राग येतो. मागे एक शहरातल्या बाई तर भांडायलाच उठल्या होत्या. तेव्हा आमच्या तुळसूआजी त्यांना म्हणाल्या, "रडता तो आपलो, बाय. रडत नाय तेका भिया." आणि त्यांना पुळणीच्या टोकाशी, करंजाखालच्या काळ्या दगडापाशी नेऊन बसवलं. मांडी घालून बसलेल्या बाईएवढा तो दगड आहे. त्याच्या मांडीत एक लहान, गुळगुळीत, वरवंट्यासारखा दगड आहे. मोठ्या लाटांनीसुद्धा तो कधी हललेला नाही. आजी सांगतात ते मी लहानपणापासून ऐकत आले. पोर झाल्यावर पुन्हा ऐकलं तेव्हा वेगळंच वाटलं.

बेटावर पहिली माणसं आली तेव्हा इथे वाळू आणि केवडा याशिवाय काही नव्हतं. माणसं थोडी, जाळं मोठं. तेव्हाच्या गावकाराने गुडघाभर पाण्यात उभं राहून दर्याला शब्द दिला म्हणे, की जितकी तोंडं तितकेच वाटे घेऊ, आणि ज्या तोंडाने वाटा खाल्ला त्याचे हात मोठेपणी दोर धरतील. दर्याने ते मानलं. त्या दिवसापासून रापणीत मासळी यायची ती नेमकी पुरेल एवढीच. कुणी म्हातारं गेलं की तेवढी कमी. कुणाच्या घरी पाळणा हलला की तेवढी जास्त. एकदा एक वाटा उगाच उरला, म्हणून गावकार वैतागला होता. तेवढ्यात सुईण धावत आली, की नुकत्याच जन्मलेल्या पोरामागून दुसरंही आलं, जुळं आहे! असं दर्याचं लक्ष असायचं.

पण ह्या शब्दाला एक काटाही होता. जिचा घोव, म्हणजे नवरा, दर्यात गेला आणि जिच्या पदरात पोर नाही, अशा बाईच्या नावाने पुढे दोर धरणारं कुणी नसायचं. तिला वारा पडला की होडीत बसवून माहेरी पोचवायचे. सगुणा नावाच्या बाईचा घोव असाच गेला. पण तिच्या मांडीवर बुधा होता, म्हणून ती राहिली. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. घर होतं तेही पडलेलं. पोर म्हणजे तिचं सगळंच.

एका दुपारी बुधाला ताप भरला आणि ओहोटी पुरी व्हायच्या आत पोर गार झालं.

सगुणा रडली नाही. रडली असती तर शेजारीण आली असती. भर उन्हात गावातली माणसं आडवी झालेली असताना तिने त्याला करंजाखाली वाळूत पुरलं. घरी आली. बारशाच्या वेळी आपण वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतो ना, तोच वरवंटा तिने घेतला, गोधडीत गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. इथून गेलं तर ह्या वाळूपासूनही आपण तुटू, एवढंच तिच्या मनात होतं असं सांगतात. मला ते पटतं.

दुसऱ्या दिवशी गावकाराने नाव घेतलं. "बुधा?"

"निजलो आसा," छातीशी गाठोडं धरून सगुणा म्हणाली. "ओ मी देतंय."

त्या दिवशी मासळी एका वाट्याने कमी पडली. कुणाला उलगडा होईना. सगळ्यांनी आपल्यातलं थोडं थोडं काढून बुधाचा वाटा भरला. पण त्यानंतरच्या रापणीला मासळी बरोबर आली. दर्याने आईचा शब्द खरा धरला होता.

घरी जाऊन तिने मासळी शिजवली. खाणारं नाही हे माहीत असूनही सवयीने काटे काढले, कुस्करून पाळण्याशी ठेवली आणि पाण्याला गेली. परत आली तर थाळी रिकामी. मांजर असेल म्हणाली. दुसऱ्या दिवशी दार लावून गेली, तरी रिकामीच. पाळण्यातली गोधडी खाऱ्या पाण्याने ओली होती आणि वरवंटा उचलायला कालच्यापेक्षा जड लागला.

तिला भीती वाटली. पण भीतीच्या मागून दुसरंही काही आलं. ती रोज काटे काढून वाढायला लागली. अंगाई म्हणायला लागली. पाळण्याचे दोर पुन्हा पुन्हा बदलावे लागत, इतकं वजन वाढत होतं.

बुधाच्या बरोबरीची पोरं चालायला लागली, माडावर चढायला लागली. सगुणा सांगायची, माझ्या पोराच्या पायात जोर नाही, त्याला ऊन सोसत नाही. विहिरीवर बायका काय गप्प बसतात?

"सगुणा, गो, तुझो झिल काय दगडाचो आसा? भायर कसो तो येवक नाय कधी!"

"असूंदे, तुमच्या वानरांपेक्षा बरो," सगुणा म्हणायची. बायका हसायच्या. ती कळशी भरून निघून जायची.

मग त्या वयाच्या पोरांना मिसरूड फुटलं. गावकार दारात येऊन उभा राहिला. "उद्या रापणीक बुधाक धाड."

"तेच्या जाग्यार मी ओढतंय, गावकारानु."

"आवशीन ओढललो दोर झिलाचो होत नाय. इतकी वर्सा वाटो खाल्ल्यान ना तेना? मग?"

दुसऱ्या दिवशी सगुणेने घराला बाहेरून कडी घातली, वर आडवी फळी अडकवली आणि पुळणीवर येऊन दोर धरला. सूर्य डोक्यावर होता. माणसांच्या पायांशी सावल्या उरल्या नव्हत्या. गावकार ओढणाऱ्यांची नावं घेत होता. एकेक ओ येत होती. शेवटी त्याने नाव घेतलं, "बुधा?"

"ओ."

लाटेखाली दगड घरंगळावा तसा तो आवाज होता म्हणे. दोराच्या अगदी शेवटून आला. सगळ्यांनी मागे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. पण दोराचं टोक वाळूवरून वर उचललेलं होतं, ताणलेलं होतं, आणि त्याच्या खालच्या वाळूत खोल पावलं उमटत होती. एक मागे, मग दुसरं मागे. ओढणारे जसे मागे चालतात तशी. दोर माणसांच्या हातांतून असा सुटत गेला की तळवे सोलले. जाळं एकटंच किनाऱ्याला आलं. त्यात कुणी पाहिली नव्हती एवढी मासळी होती. पण तिला हात लावायला कुणी पुढे झालं नाही.

गावकाराने धीर करून विचारलं, "कोणाचो तू?"

"आवशीक विचारा."

सगळे सगुणेकडे वळले. आता काही लपवण्यासारखं राहिलं नव्हतं. ती मान खाली घालून म्हणाली, "माझो बुधा तान्हो असतानाच गेलो. करंजाखाली आसा. हो तो न्हय."

हे शब्द तिच्या तोंडून निघाले आणि दोराचं टोक वाळूत पडलं. पावलं क्षणभर थांबली. मग ती वळली. मागे माडांच्या सावलीत बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. पावलं तिकडे निघाली. हळूहळू, कुणाची तरी मांडी शोधावी तशी. आणि पुळणीवरची सगळी तान्ही पोरं एकदम गप्प झाली. पीत होती ती प्यायची थांबली. रडत होती ती तोंड उघडं ठेवून गप्प झाली. एका बाईने पोराला उराशी धरलं आणि किंचाळली, "जड लागता गो माका! पोर जड लागता!"

सगुणेला कळलं. तिनेच त्याला आई दिली होती आणि तिनेच आत्ता काढून घेतली होती. तो दुसरी शोधत होता.

होडी तयार होती. सगुणेला होडीत बसवून कुणी नेलं असतं, तर ती सुटली असती. पण ती करंजाखाली गेली, वाळूत मांडी घालून बसली आणि मोठ्याने हाक मारली. "बुधा! थंय खंय जातंस? हंय ये. तुझी आवस हंय आसा. माझ्या पोटचो नसलंस तरी माझ्या हातचो आसस."

पावलं थांबली. परतली. तिच्यापर्यंत आली आणि तिथे संपली. त्याच क्षणी पुळणीवरची सगळी पोरं एका सुरात रडायला लागली. इतकं गोड रडणं ह्या बेटाने त्याआधी ऐकलं नव्हतं म्हणतात.

गावकाराने तिला हात दिला, "ऊठ, सगुणा. तुका कोण खंय धाडणा नाय." ती म्हणाली, "मी उठलंय तर तो उठतलो." भरती आली. पाणी तिच्या कमरेला लागलं, मग गळ्याला. ओहोटीनंतर लोक बघायला गेले, तेव्हा तिथे मांडीत तो वरवंटा घेऊन हा काळा दगड बसलेला होता.

तेव्हापासून रापणीचा पहिला वाटा सगुणेच्या मांडीवर ठेवतात. तिने काटे काढून दिलेलं खाऊन तो तिथेच राहावा, म्हणून. आणि बेटावर माणसं मोजत नाहीत. मोजलं की एक नाव जास्त येतं, अशी भीती. ज्याने त्याने आपली ओ आपण द्यायची, कुणी कुणाच्या वतीने द्यायची नाही. अगदी आईनेसुद्धा.

माझी धाकटी मागच्या महिन्यात तापाने मलूल होती. टिचकी मारली. रडली नाही. परत मारली. आई त्या वेळी पोराकडे बघत नाही, दगडाकडे बघते. मीही बघत होते. मग ती रडली, आणि तुळसूआजी म्हणाल्या, "घाल रे वाटो, आपलाच आसा ता."

आजही सगुणेपुढचा वाटा भरती लागायच्या आत संपलेला असतो. कावळे नेतात, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण मासळीचे काटे तिच्या मांडीशी एका कडेला बारीक निवडून ठेवलेले असतात, तान्ह्याला भरवताना आई ठेवते तसे.