रंभाजीचा प्रश्न

"…आणि मग तो गप्पच झाला?" दानीएल पाळकांनी विचारलं.

"एकदम!" शांतवन म्हणाला. "अख्खी चावडी ऐकत होती, साहेब."

शांतवन नुकताच सेमिनरीतून शिकून गावी आलेला. देवबीव मानत नाही म्हणणारा रंभाजी काल त्याला चावडीवर आडवा आला. माझी बायको मिशनच्या दवाखान्यात होती, तुम्ही सगळे तिच्यासाठी प्रार्थना करत होता, तरी ती गेली. मग तुमचा देव होता कुठं? एवढंच त्यानं विचारलं. शांतवननं मुद्द्यामागून मुद्दे मांडले. दुःख का असतं, देव ते का होऊ देतो… रंभाजीला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

"मग?"

"मग काय… उठून गेला."

पाळक उठले. मग त्यांनी खांद्यावर घोंगडी टाकली.

"कुठं निघालात, साहेब?"

"त्याच्याकडे. चल."

सकाळ झाली होती, पण झाल्यासारखी वाटत नव्हती. प्रवरेच्या पात्रावरून उठलेलं धुकं उसात शिरलं होतं. रंभाजीचं गुऱ्हाळ दिसायच्या आधी त्याचा गोड वास आला. काहिलीत उकळणाऱ्या रसाची वाफ धुक्यात मिसळत होती, आणि त्या पांढऱ्यात रंभाजी उभा होता, पाय जमिनीला न लागल्यासारखा.

"आता थोरले पाळक आले वाद घालायला?"

"नाही बाबा. तिचं नाव काय होतं, ते विचारायला आलो."

रंभाजीच्या हातातला झारा थांबला.

"…गुंफा."

पाळक तिथल्याच एका पोत्यावर बसले. रंभाजी आधी तुटक बोलला, मग बोलतच राहिला. ती पहाटे चुलवाणापाशी बसून गाणी म्हणायची. पहिला गूळ तीच चाखायची, आणि दर वेळी जीभ भाजून घ्यायची. हे सांगताना तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. पाळकांचेही.

शांतवनच्या ओठांवर बायबलातली वचनं येऊन थांबली होती. आता पाळक बोलतील, त्याला वाटत होतं… आता बोलतील.

"खरं सांगा, पाळक," रंभाजी म्हणाला. "तुम्हाला तरी ठाऊक आहे? कुठं होता तो?"

"नाही."

रंभाजी काहिलीकडे वळला.

मग त्यानं पळसाच्या पानावर ऊन ऊन गूळ आणून पाळकांपुढे धरला. शांतवनलाही दिला. आणि पोत्यावर पाळकांच्या शेजारी येऊन बसला.

परतताना पायवाटही दिसत नव्हती. शांतवनला राहवेना.

"साहेब, प्रभूचं नावसुद्धा काढलं नाहीत! वर सरळ 'नाही' म्हणालात. मग त्याला प्रभूची साक्ष द्यायची तरी कधी?"

त्याचा आवाज चढला होता.

पाळक थांबले. त्यांनी वळून पाहिलं. मागे गुऱ्हाळ नव्हतं, ऊस नव्हता; नुसतं पांढरं…

"हळू बोल, शांतवन," ते म्हणाले. "तो अजून ऐकतोय."