शिलालेखात राहून गेलेला कर्ता

नदीकाठच्या एका नगराला एकदा आपल्या वाडवडिलांच्या पापाची आठवण झाली. पाप तसे फार जुने नव्हते. दोन पिढ्यांपूर्वी नदीच्या उतारावर रंगाऱ्यांची वस्ती होती. ही माणसे दूरच्या मुलखातून आलेली. त्यांची बोली निराळी, देव निराळा. नगरातल्या प्रत्येक लग्नात नवरीच्या अंगावर त्यांनीच रंगवलेले वस्त्र असे. एका उन्हाळ्यात नगरातली गुरे पटापट मरू लागली. कोणीतरी म्हणाले, रंगाऱ्यांनी पाण्यात विष कालवले. कोण म्हणाले, हे कोणी विचारले नाही. भर दुपारी माणसे कुऱ्हाडी आणि पलिते घेऊन उतारावर गेली, आणि दिवस मावळेपर्यंत त्या वस्तीत जिवंत असे कोणी उरले नाही.

पुढे कित्येक वर्षे या गोष्टीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. पण येणारे-जाणारे कुजबुजत. नगराचे नाव खराब होऊ लागले. तेव्हा नगरशेठांनी ठरवले, की उताराच्या रस्त्यालगत मृतांच्या स्मरणार्थ एक मोठी काळी शिळा उभारावी. तिच्यावर कोरायचा मजकूर लिहिण्याचे काम गदाधराकडे आले. नगराबाहेरच्या मठात एक वृद्ध आचार्य व्याकरण शिकवीत. गदाधर त्यांचा सर्वांत हुशार शिष्य.

त्याने मनापासून लिहिले. शब्द पारखून घेतले, पुन्हापुन्हा मोठ्याने म्हणून पाहिले. शेवटी मजकूर सिद्ध झाला: ‘या भूमीवर काळाच्या क्रूर आघाताने असंख्य निष्पाप जीव अनंतात विलीन झाले. त्यांच्या पुण्यस्मृतीस या नगराचे विनम्र अभिवादन.’

नगरशेठांनी तो ऐकला आणि उपरण्याने डोळे टिपले. “गदाधरा, ऐकून मन हलकं झालं बघ.”

गदाधर आनंदाने मठात आला. आचार्यांनी मजकूर वाचला, नगरशेठांचे उद्गारही ऐकून घेतले. चांगला म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. “उद्या उतारावर जा,” ते म्हणाले, “आणि जो पहिला परदेशी वाटसरू भेटेल त्याला हे वाचून दाखव.”

“वाटसरूला? त्याला यातलं काय कळणार, गुरुदेव?”

“म्हणूनच. आणि तो जे विचारेल त्याचं खरं उत्तर दे. आपल्याकडून काही जोडू नकोस.”

गदाधराला याचा अर्थ लागला नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो उतारावर गेला. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन एक व्यापारी सावलीला थांबला होता. गदाधराने त्याला मजकूर वाचून दाखवला. व्यापारी भला माणूस होता. त्याने पागोटे उतरवले, हात जोडले.

“अरेरे! मोठा महापूर आला होता वाटतं?”

“पूर नव्हे.”

“मग साथ आली असेल. पटकी मेली फार वाईट.”

“साथही नव्हे. त्यांना मारलं.”

“दरोडेखोरांनी?”

“नाही. गावातल्याच माणसांनी.”

“कुठल्या गावातल्या?”

“इथल्या.”

व्यापाऱ्याने क्षणभर त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिले. “यात तर तसं काही लिहिलेलं नाही.” मग जरा अडखळत त्याने विचारले, “तुम्ही कुठले?”

“मी... इथलाच.”

“तुमच्या घरचं कोणी होतं का हो त्यात?”

गदाधराला वाटले, पायाखालची जमीन दुभंगावी. “मी घरी कधी विचारलं नाही,” तो म्हणाला. ते खरेच होते. व्यापारी त्याला एका शब्दाने बोलला नाही. त्याने पागोटे डोक्यावर ठेवले, बैलांना हाक दिली आणि तो निघून गेला. चार शिव्या देऊन गेला असता, तर बरे वाटले असते.

गदाधर तडक घरी गेला. त्याचे म्हातारे वडील ओसरीवर बसले होते. त्याने उभ्या उभ्याच विचारले, “बाबा, त्या दिवशी आपल्या घरातून कोणी गेलं होतं?”

वडील म्हणाले, “तुझे आजोबा. मी लहान होतो. चुलीतलं जळतं लाकूड मीच आणून दिलं त्यांना. कशाला हवं, ते ठाऊक नव्हतं मला.” आणि त्यांनी तोंड फिरवले.

गदाधर मठात पोचला तेव्हा त्याची मान वर होत नव्हती. “गुरुदेव, माझं चुकलं कुठे, ते आपण कालच सांगू शकला असता.”

“सांगितलं असतं, तर तू शब्द बदलले असतेस,” आचार्य म्हणाले. “मान खाली गेली नसती. अरे, तू व्याकरण शिकलेला. तुझ्या वाक्यात क्रिया आहे, मरणारे आहेत. मारणारा कुठे आहे? तू सगळं काळावर ढकललंस. काळाला हात असतात का कुऱ्हाड धरायला? जो लेख ऐकून नगरशेठांचं मन हलकं होतं, तो लेख मेलेल्यांसाठी नाही, नगरशेठांसाठी आहे. मेलेल्यांना आपली फुलं नकोत, गदाधरा. त्यांच्यावर आळ आला होता. आधी तो उतरव.”

चार दिवसांनी भरसभेत गदाधराने नवा मजकूर वाचला: ‘इथे रंगाऱ्यांची वस्ती होती. त्यांनी नदीत विष कालवले असे आम्ही म्हटले. ते खोटे होते. आम्ही त्यांना मारले, त्यांच्या मुलाबाळांनाही मारले.’

सभेत गलका झाला. नगरशेठ उठून उभे राहिले. “आम्ही? आपण तर तेव्हा जन्मलोही नव्हतो!”

“शेठजी,” गदाधर म्हणाला, “त्या वस्तीच्या जागेवर आज आमराई आहे. तिचे आंबे उतरवताना आपण काय म्हणतो? ‘आमची आमराई.’ तिथे ‘आम्ही’ चालतं, मग इथेच का अडतं?”

नगरशेठ खाली बसले. त्यांनी होकार दिला नाही, पण कोरणाऱ्याला अडवलेही नाही. मजकूर कोरला गेला. शिळा उभी राहिली त्या दिवशी ना ताशे वाजले, ना मंडप सजला. मोजकीच माणसे आली, आली तीही एकमेकांची नजर चुकवत उभी राहिली. आचार्य मागे एका बाजूला हात जोडून होते.

सगळे पांगल्यावर गदाधराचे वडील काठी टेकत उतारावर आले. त्यांची दृष्टी मंदावली होती. “काय लिहिलंय, वाच,” ते म्हणाले.

गदाधर वाचू लागला. ‘आम्ही त्यांना मारले’ या शब्दांपाशी येऊन तो थांबला.

वडिलांनी शिळेवर हात टेकला होता. “थांबू नकोस,” ते म्हणाले. “पुढचं वाच.”

गदाधराने मान खाली घातली आणि पुढचे वाचले.