भिंतीवरचा घेवडा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. तिथे एका घरात दोन जावा नांदत होत्या. नांदत होत्या म्हणजे आपलं म्हणायचं. तोंडं कायम दोन दिशांना.

घरामागे त्यांच्या सासूने परसबाग वाढवली होती. कोपऱ्यात खतखड्डा. भाजीची देठं, खरकटं, चुलीतली राख, झाडलोटीचा पाला, सगळं ती त्यात टाकायची. वर शेणाची पाटी, आणि विहिरीचं पाणी शिंपायची. खड्ड्यातलं काळंभोर खत वेलाच्या बुडाशी जायचं आणि वेलावरचा घेवडा घरच्या ताटात यायचा.

सासू अंथरुणाला खिळली आणि सुनांनी वाटणी मागितली. घराचे दोन भाग झाले, परसात मधोमध मातीची भिंत उभी राहिली. म्हातारीचं अंथरूण थोरलीकडे राहिलं. थोरलीने भांडून खड्डा घेतला, विहीर धाकटीकडे गेली. थोरलीला वाटलं, आपण जिंकलो. आता बघू, हिच्याकडे काय उगवतं ते.

म्हातारीने दोघींना जवळ बोलावलं. उशाखालच्या पुरचुंडीतून घेवड्याचं बी काढून दोघींच्या तळहातावर सारखं ठेवलं. म्हणाली, "बी मला वाटता आलं. माती काही वाटता येत नाही गं. तोंडाची चव गेलीय माझ्या. जाण्याआधी एकदा परसातला घेवडा खाऊ घाला, एवढंच मागते."

थोरलीच्या मनाला ते लागलं. सासूच्या तोंडी घेवडा पडेल तो आपल्याच हातचा, असं तिने ठरवून टाकलं. पण दिवस उन्हाळ्याचे. जुनं खत केव्हाच संपलेलं. नदीवरून आणलेली घागर पिण्यालाच पुरेना, खड्ड्यात काय ओतणार? कचरा कुजायचा सोडून वाळत चालला. शेवटी तिला धीर धरवला नाही. अर्धकच्चा कचरा आणि ताजं शेण तिने रोपांच्या बुडाशी लोटलं. मुळं पोळली, रोपं करपली.

भिंतीपलीकडे धाकटी पाणी घालून दमली. निव्वळ मुरमाड जमीन ती. वेल हातभर वाढला, पिवळा पडला आणि तिथेच बसला.

एकदा थोरली रिकामी घागर घेऊन भिंतीपाशी गेलीसुद्धा. पलीकडून आवाज आला, "काय जाऊबाई, खड्ड्यातलं सोनं तहानलं वाटतं?"

"तुझ्या विहिरीने तुझा तरी वेल जगवला का?" थोरली म्हणाली, आणि रिकाम्या घागरीनिशी परत फिरली. भिंतीला वळसा घालायचा होता फक्त. नाही घातला.

म्हातारी रोज विचारायची, "फूल धरलं का गं?" थोरली मान खाली घालून म्हणायची, "धरेल हं, आत्याबाई."

एके सकाळी म्हातारीने विचारलं नाही.

सुतक फिटलं तेव्हा रीतीप्रमाणे दोन्ही घरं धुऊन काढली. धाकटीने घागरीवर घागरी ओतल्या. ते पाणी भिंतीखालून वाट काढत थेट खड्ड्यात उतरलं. सासूच्या अंथरुणाखालचा केर थोरलीने तिथेच लोटला होता. त्या केरात ती पुरचुंडीही होती, तळाशी थोडं बी राहिलेलं.

खड्ड्यातून कोंब वर आला. धाकटीने तो भिंतीवरून पाहिला आणि भरली घागर अलीकडे दिली. थोरलीने ती खड्ड्यात ओतली. मग रोजचंच झालं ते. कचरा कुजला, वेल भिंतीवर चढला, पलीकडे उतरला, दोन्ही अंगांनी शेंगांनी लगडला.

थोरलीने कोवळ्या शेंगा खुडल्या, म्हातारीला आवडायच्या तशा. भाजी केली आणि सासूच्या रिकाम्या पाटापुढे पान वाढलं. धाकटी भिंतीला वळसा घालून आली, शेजारी टेकली. थोरली एवढंच बोलली, "माझी घागर त्या दिवशी रिकामीच होती गं." धाकटीने पदर तोंडाला लावला.

भाजी निवून गेली. घास कुणीच उचलला नाही.

म्हणून सांगते, लहानांनो आणि लहानांहून हट्टी मोठ्यांनो: जित्या माणसासाठी वेळेवर न दिलेली घागर, त्याच्या माघारी अख्खी विहीर उपसली तरी त्याला पोचत नाही.