गुरुजींची नाडी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकली तर काही बिघडणार नाही. तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण त्याच्या राज्यातल्या एका म्हाताऱ्या वैद्यांची आठवण लोक अजून काढतात.

रानाच्या कडेला या वैद्यांची लहानशी पाठशाळा होती. एके काळी तिथल्या पडवीत बसायला जागा पुरत नसे. मग राजानं नगरात भली मोठी वैद्यशाळा काढली. राहायला पक्क्या खोल्या, जेवणात रोज गोडधोड आणि वर्षभरात वैद्य म्हणून शालजोडी! मग काय विचारता? पाठशाळेतली मुलं एकेक करून तिकडे वळली. शेवटी एकच शिष्या उरली, डोंगरापलीकडच्या गावची. तिच्या गावात वैद्य नव्हता, म्हणून गावानंच तिला शिकायला धाडलं होतं.

पाठशाळेची एक रीत होती. शिक्षण पुरं झालं की शिष्यानं गुरूचीच नाडी बघायची. गुरूला काय होतंय ते अचूक सांगितलं की तो वैद्य झाला. मग त्यानं आपल्या घरी जायचं.

मुलगी तयार झाली होती. गुरुजींना ते पक्कं ठाऊक होतं आणि त्याचाच त्यांनी धसका घेतला होता. ही गेली की पाठशाळा बंद. उभा जन्म ज्या पडवीत शिकवण्यात गेला, ती ओस पडलेली कशी बघवणार?

मुलीनं त्यांची नाडी धरली, डोळे मिटले. म्हणाली, "गुरुजी, तुम्हाला झोप लागत नाही. अन्नावर वासना नाही. शरीर ठणठणीत आहे, पण कसली तरी काळजी आतून खातेय."

अगदी बरोबर होतं. गुरुजींनी हात काढून घेतला. "चुकलं. अजून शिकायला हवं."

पावसाळा सरल्यावर तिनं पुन्हा नाडी धरली आणि तेच सांगितलं. गुरुजी पुन्हा म्हणाले, "चुकलं."

गुरुजींच्या पत्नीनं, म्हणजे गुरुमाउलींनी, स्वयंपाकघरातून हे ऐकलं. मुलगी पाण्याला गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, पोरीला खोटं का पाडता?"

"राहू दे गं अजून थोडे दिवस," गुरुजी पुटपुटले. "ती आहे तोवर मी शिक्षक आहे."

माउलींना त्यांची फार कीव आली. त्या पुन्हा चुलीकडे वळल्या.

एकदा गुरुजी वनस्पती आणायला रानात गेले होते. परतले तर पडवीत एक धनगर रडवेला होऊन बसलेला, मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. माउली त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. आणि मुलगी? ती हात मागे बांधून कोपऱ्यात उभी होती.

"अगं, नाडी का नाही बघितलीस?"

"माझा हात चुकतो ना, गुरुजी," ती म्हणाली. "लेकराच्या जिवाला काही झालं तर?"

गुरुजींनी हातातली वनस्पतींची जुडी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी घडवलेला सगळ्यात चांगला हात त्यांनीच निकामी केला होता.

"तुझा हात कधीच चुकला नाही, बाळ," सगळ्यांसमोर ते म्हणाले. "मी खोटं बोललो. तू जाशील, या भीतीनं बोललो. माझी चूक झाली. ये, बघ लेकराची नाडी."

तिनं पुढे येऊन नाडी धरली. डोळे मिटले. तिनं काढा सांगितला, माउलींनी उकळला. तिन्हीसांजेला ताप उतरला आणि लेकरानं पेज मागितली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी तिला डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोडायला गेले. परत येऊन रिकाम्या पडवीत बसले आणि मनसोक्त रडले. त्या रात्री मात्र त्यांना गाढ झोप लागली.

वर्ष उलटलं. एका सकाळी दारात डोंगरापलीकडच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या.

"नगरातली मोठी शाळा सोडून इकडे कशा आलात?" गुरुजींनी विचारलं.

धाकटी म्हणाली, "आमच्या वैद्यबाईंनी धाडलंय. त्या म्हणाल्या, तिथले गुरुजी स्वतः चुकले तर चुकलो म्हणतात. असं माणूस शिकवायला मिळालं तर सोडू नका."

गुरुजींनी दोघींना आत बोलावलं. त्यांनी पडवीत सतरंजी अंथरली.

तात्पर्य : शिष्याला अडवून शाळा टिकत नाही, त्याला विश्वासानं निरोप दिला, तरच ती टिकते.