भाकरीवरच्या रेघा

“मग कमी काय पडलं, मास्तर?”

निनादनं लॅपटॉप गंगाधरमास्तरांपुढं सरकवला. फोटोग्राफीचे पहिले धडे त्यानं मिरजेतल्या याच स्टुडिओत गिरवले होते. पुढं पुण्याला जाऊन हॉटेलांचे फोटो काढून त्यानं नाव कमावलं, आणि ते नाव त्याच्या चालण्याबोलण्यातही उतरलं होतं.

काम गिरिजाबाईंच्या खानावळीचं होतं. गावातली खानावळ सगळ्यांच्या ओळखीची, पण आता हायवेवर दुसरी निघत होती. तिथं बाईंना कोण ओळखणार? बोर्ड, मेनूकार्ड, पार्सलचे डबे, सगळ्यांवर निनादचेच फोटो जाणार होते.

“बाई काय म्हणाल्या?” मास्तरांनी विचारलं.

निनाद घुटमळला. ते बोलणं त्याच्या चांगलंच जिव्हारी लागलं होतं.

“म्हणाल्या, ‘लई छान हाईत. कुणाच्या खानावळीचं?’”

मास्तर हसले नाहीत.

“उद्यापर्यंत त्यांच्या पसंतीचे फोटो दिले नाहीत, तर काम दुसऱ्याकडं जाईल. गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही, मास्तर.”

मास्तरांनी चष्मा चढवला. पिठलं, ठेचा, फोडलेला कांदा, वर टम्म फुगलेली भाकरी. प्रकाश असा पडला होता की कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं. खोट काढायला जागाच नव्हती.

“भाकरी बाईंनीच थापली?”

“त्यांनीच. माझ्यासमोर.”

“मग रेघा कुठं गेल्या?”

“कसल्या रेघा?”

“तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. त्याच्या.”

“हां, त्या…” निनादला हायसं वाटलं. एवढंच होतं तर. “त्या पुसल्या मी, कॉम्प्युटरवर. आख्खी दुपार गेली त्यात. भाकरीवर बोटं उमटलेली बरी दिसत नव्हती.”

“किती बोटं?”

“तीन. मधल्या बोटाची जागा कोरीच होती. ते बोट ताठ आहे ना त्यांचं, पाणी फिरवताना टेकतच…”

निनाद बोलता बोलता थांबला.

बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी ताटकळत होतं. त्याला मास्तरांनी हातानंच थांबायची खूण केली.

“पण मास्तर,” निनादचा आवाज जरा चढला, “डागाळलेली भाकरी बोर्डावर कोण लावतं? पुण्यात असला फोटो दाखवला तर दारात उभं करणार नाहीत.”

“बोर्ड दाखव.”

निनादनं बोर्डाचं चित्र उघडलं. खाली ती गुळगुळीत, गोरीपान भाकरी. वर ठसठशीत सोनेरी अक्षरं: गिरिजाबाईंची खानावळ.

मास्तरांनी त्या सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलं.

“हे पण पूस.”

“नाव…?”

“हो,” मास्तर पासपोर्टवाल्याकडं जायला उठले. “आता तेवढंच राहिलंय.”