मालकाची मोटर

मिरजेच्या शकुताई मगदूम यांनी घराचा वरचा मजला धैर्यशीलराव इनामदारांना भाड्यानं दिला आणि डोक्याला ताप लावून घेतला. राव निवृत्त अधिकारी. खुर्ची गेली होती, पण रुबाब शाबूत होता. पाण्याची मोटर लावायचे आणि टाकी भरून वाहिली तरी बंद करायला उठायचे नाहीत. एके दिवशी ती जळलीच.

"साहेब, तुम्ही चालू ठेवलीत म्हणून जळली," शकुताई म्हणाल्या.

"मोटर मालकानं बसवायची असते, बाई. मला कायदा शिकवू नका!"

त्याच दुपारी रावांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. घरात पाण्याचा थेंब नाही, म्हणून शकुताईच शेजारून कळशी भरून वर घेऊन गेल्या. दारातच रावांचा आवाज कानावर पडला, "अख्खं घर आपलंच! खाली एक बाई भाड्यानं ठेवलीय. गरीब आहे बिचारी."

शकुताईंनी कळशी पाहुण्यांसमोर ठेवली आणि रावांना हात जोडले. "मालक, पाणी शेजारून आणलंय. जळलेली मोटर कधी बदलताय?"

"अहो, हे तर मालकानंच बघायला हवं!" मुलाचे वडील म्हणाले.

रावांनी घाम पुसला. "आजच बदलतो."

संध्याकाळी नवी मोटर बसली आणि राव तणतणत खाली आले. "हा खर्च माझ्या भाड्यातून वळता करा!"

"करते की," शकुताई म्हणाल्या. "आधी त्या पाहुण्यांना फोन लावा आणि भाडं कोण कुणाला देतं ते सांगा."